टाळ्यांच्या कडकडाटात हरवलेले गाणे

काही गायक आपल्या लोकप्रिय गाण्यांमुळे अमर होतात आणि त्याच गाण्यांच्या ओझ्याखाली त्यांची काही उत्तम गाणी दबून जातात. फ्रेडी मर्क्युरीच्या बाबतीत नेमके हेच झाले. दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी वाजवायची, हा त्याच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाने रूढ केलेला ठेका आज जगातल्या कुठल्याही क्रीडांगणावर ऐकू येतो. सामना संपला, चषक उंचावला गेला की ध्वनिक्षेपकावरून त्याचाच आवाज विजेत्यांचे कौतुक करू लागतो. ज्यांना इंग्रजी गाण्यांचे वावडे आहे, अशांच्याही कानावरून हा आवाज कधी ना कधी गेलेला असतो. पण याच माणसाने एक गाणे असे लिहिले, की ज्यात विजय नाही, जल्लोष नाही, प्रेक्षकांना आवाहन नाही. आहे तो फक्त एक मोडलेला माणूस आणि त्याचा पियानो. ‘इट्स अ हार्ड लाइफ’ हे त्या गाण्याचे नाव. १९८४ साली ते आले, काही आठवडे वाजले आणि पुढे मोठ्या गाण्यांच्या गर्दीत मागे पडले.

मी या गाण्याकडे वारंवार परत जातो. त्याचे कारण शोधताना मला प्रत्येक वेळी फ्रेडीचे सारे आयुष्यच डोळ्यांसमोर आणावे लागते. म्हणून आज या गाण्याच्या निमित्ताने त्याची कहाणी सांगावीशी वाटते. ती आपल्याला परकी नाही. तिचा एक मोठा तुकडा आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या थंड हवेत घडलेला आहे.

आधी त्या गाण्याच्या जातकुळीविषयी थोडे. रॉक संगीत म्हटले की आपल्याकडची वडीलधारी मंडळी खोलीचे दार ओढून घेतात. पण या गोंगाटाच्या घरातही एक हळवा कोपरा आहे. त्याला ‘पॉवर बॅलड’ म्हणतात. हे गाणे दबक्या पावलांनी सुरू होते. पियानो किंवा साधी गिटार, तिच्यावर एकटा आवाज. विषय बहुधा विरहाचा. मग एकेक कडवे पुढे सरकते तसे ड्रम येतात, विजेची गिटार येते, आवाज चढत जातो आणि जे दुःख सुरुवातीला पुटपुटल्यासारखे वाटत होते ते शेवटी आकाशाला भिडते. १९७०च्या दशकात हा प्रकार रुजला आणि पुढच्या दशकात त्याचे एवढे पीक आले की त्यातली बरीच गाणी एकाच साच्यातून काढल्यासारखी झाली. फ्रेडीचे हे गाणे त्या साच्यात बसते आणि बसतही नाही. का, ते पुढे सांगतो.

फ्रेडीचा जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. नाव फारोख बुलसारा. घराणे पारशी. आडनावच सांगते की मूळ गाव गुजरातमधले बुलसार, म्हणजे आजचे वलसाड. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते. आई जेर, धाकटी बहीण कश्मिरा. नोकरचाकर असलेले, सुस्थितीतले, धर्मनिष्ठ कुटुंब. त्या काळी पूर्व आफ्रिकेतल्या अनेक हिंदी कुटुंबांप्रमाणे बुलसारांनीही मुलाच्या शिक्षणासाठी हिंदुस्थानची वाट धरली. आठ वर्षांच्या फारोखला समुद्र ओलांडून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले.

पाचगणी आपण सहलीला जाऊन पाहिलेली असते. पसरणीचा घाट, टेबललँडचे सपाट पठार, सिल्व्हर ओकची झाडे, संध्याकाळी उतरणारे धुके. आठ दिवसांच्या पाहुण्याला हे सारे रम्य वाटते. पण आठ वर्षांच्या मुलाला आईबापांपासून एक अख्खा समुद्र दूर, घंटेच्या ठोक्यावर उठायचे आणि घंटेच्या ठोक्यावर झोपायचे, हे रम्य वाटले असेल असे मला वाटत नाही. लहान सुट्यांत बाकीची मुले घरी जात. झांझिबारला जाणे-येणे असे सोपे नव्हते. मुंबईतल्या नातेवाइकांकडे तो सुट्या काढी. वरच्या जबड्यात जादा दात असल्याने त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते. त्यावरून शाळेत त्याला चिडवतही असत. हे दात त्याने जन्मभर तसेच ठेवले. त्यांना हात लावला तर आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती. बोलताना ओठांनी किंवा हाताने दात झाकण्याची सवयही तशीच राहिली.

पण याच शाळेने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक, फ्रेडी हे नाव. दुसरी, पियानो. मुलाला संगीताचे अंग आहे हे शाळेच्या ध्यानात आले आणि पालकांच्या संमतीने त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली. चौथ्या श्रेणीपर्यंत तो शिकला. शाळेच्या गायकवृंदात तो गाई, नाटकांत काम करी, चित्रे काढी, टेबल टेनिस उत्तम खेळे, मुष्टियुद्धातही उतरे. बाराव्या वर्षी चार मित्रांना जमवून त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद उभा केला. रेडिओवर ऐकलेली विलायती गाणी ही पोरे शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. पुढे सारे जग ज्याच्या इशाऱ्यावर डोलले, तो माणूस तेव्हा पुढे उभा राहून गात नसे. पियानोमागे बसून वाजवी. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण ज्या गाण्याविषयी आपण बोलत आहोत तेही पियानोच्या मागे बसलेल्या माणसाचे गाणे आहे.

१९६३च्या सुमारास तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची राजवट उलथली, रक्तपात झाला. बुलसारा कुटुंबाने हाती लागेल ते सामान उचलले आणि इंग्लंड गाठले. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरातल्या एका लहानशा घरात त्यांचा नवा संसार सुरू झाला. सतरा वर्षांच्या मुलाने तोवर दोन देश गमावले होते. पाचगणीकडे त्याने पुढे फारसे मागे वळून पाहिले नाही. आपल्या बालपणाविषयी आणि पारशीपणाविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोले. त्याबद्दल त्याला दोष देणारे आहेत. मला मात्र वाटते की वरचेवर उपटल्या गेलेल्या रोपाला आपले मूळ कुठले हे सांगायला जड जाते.

लंडनमध्ये त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून उपयोजित कलेची पदविका घेतली. पोटासाठी विमानतळावर सामान चढवण्याची कामे केली. मित्र रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या-नव्या कपड्यांचे दुकान थाटले. दोन-तीन वाद्यवृंदांतून तो गाऊन पाहिला. १९७०मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने क्वीनची स्थापना केली. पुढच्या वर्षी बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. क्वीन हे नाव फ्रेडीचे. चौघांच्या राशींची चिन्हे गुंफून काढलेले बोधचिन्हही त्याचेच. मर्क्युरी हे आडनावही त्याने याच सुमारास घेतले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बुध ग्रह असा होतो आणि पारा असाही. माणसाचा स्वभाव पाहता दुसरा अर्थ अधिक चपखल वाटतो.

याच दिवसांत त्याला मेरी ऑस्टिन भेटली. केन्सिंग्टनमधल्या कपड्यांच्या एका प्रसिद्ध दुकानात ती काम करी. खिशात पैसे नसताना, लहानशा भाड्याच्या खोलीत दोघांनी सहा-एक वर्षे संसार केला. १९७५मध्ये ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ आले. सहा मिनिटांना जेमतेम काही सेकंद कमी असलेले ते गाणे रेडिओवर कोण वाजवणार, असे जाणकार म्हणत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ज्या संग्रहात ते होते त्याचे नावच ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’. त्यातच ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे विरहगीतही होते आणि ते मेरीसाठी लिहिले असे बहुतेक चरित्रकार मानतात. पण १९७६मध्ये फ्रेडीने तिला स्वतःविषयीचे सत्य सांगितले. त्याचे मन पुरुषांकडे ओढ घेत होते. संसार मोडला. नाते मात्र तुटले नाही. मेरी शेवटपर्यंत त्याची सगळ्यांत जवळची मैत्रीण राहिली आणि लंडनमधले आपले ‘गार्डन लॉज’ हे घर त्याने मृत्यूनंतर तिच्याच नावे केले.

हे वाचायला सोपे वाटते. तेव्हा ते सोपे नव्हते. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधले असे संबंध १९६७पर्यंत कायद्याने गुन्हा होते. आपल्याकडे तर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला २०१८ उजाडले. कायदा बदलला तरी माणसांच्या नजरा बदलायला वेळ लागतो आणि खमंग बातम्या विकणाऱ्या वृत्तपत्रांना नजरा बदलायच्याच नव्हत्या. घरी आईवडील अग्नीपूजक, परंपरा जपणारे. फ्रेडीने आपल्या खासगी आयुष्याभोवती एक भिंत बांधली. व्यासपीठावर मात्र तो भडक पोशाख घालून, मिशी ठेवून, छाती काढून असा वावरे की या माणसाला लपवण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येऊ नये. १९८१मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये एका रात्री लाखाहून अधिक लोकांनी त्याला ऐकले. कार्यक्रम संपला की तो एकटाच असे.

या काळात त्याचा मुक्काम बव्हंशी जर्मनीतल्या म्युनिक शहरात होता. क्वीनचे ध्वनिमुद्रण तिथल्या ‘म्युझिकलँड’ स्टुडिओत चाले आणि रात्री शहरातल्या क्लबांमध्ये उजाडेपर्यंत मजा चाले. भोवती माणसांचा घोळका, बिले भरणारा हा एकटा. नाती जुळत आणि तुटत. ज्या माणसाला सारे जग ओळखते त्याच्याजवळ येणारा नेमका कोणाजवळ येतो आहे, माणसाजवळ की कीर्तीजवळ, हे कळायला त्याच्याजवळ मार्ग नव्हता. या पार्श्वभूमीवर १९८३च्या उत्तरार्धात ‘द वर्क्स’ या संग्रहाची तयारी सुरू झाली आणि फ्रेडीने ‘इट्स अ हार्ड लाइफ’ लिहिले.

गाण्याची सुरुवातच चकित करते. वाद्ये अशी नाहीतच. एकदम चढ्या स्वरात आक्रोश उठतो आणि त्याच्यामागे आवाजांवर आवाज रचून उभा केलेला समूहस्वर येतो. ही चाल फ्रेडीने घेतली आहे ती इटालियन संगीतकार लिऑनकॅव्हालो याच्या ‘पाल्याची’ या ऑपेरातून. १८९२ साली मिलानमध्ये प्रथम सादर झालेल्या या ऑपेराचा नायक कानिओ हा फिरत्या नाटक मंडळीचा मालक आणि विदूषक. आपली बायको दुसऱ्याच्या प्रेमात आहे हे त्याला खेळाच्या ऐन तोंडावर कळते. लोकांनी पैसे मोजलेले आहेत, खेळ रद्द करता येत नाही. तेव्हा तो आरशासमोर बसतो, तोंडाला पांढरी भुकटी फासतो, विदूषकाचा अंगरखा चढवतो आणि काळीज फाटत असताना स्वतःलाच हसण्याचा हुकूम देतो. एन्रिको कारुसोच्या आवाजातली या गाण्याची १९०७ची तबकडी जगभर गाजली. मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगादिवशीच बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

फ्रेडीने कानिओच्या त्या आक्रोशाची चाल उचलली आणि तिच्यात स्वतःचे शब्द घातले. मला मोकळीक नको, मोडलेल्या मनाने जगायला कारणच उरत नाही, असा काहीसा त्यांचा आशय. मग तो उंच स्वर विरतो आणि पियानो सुरू होतो. आता बोलतो तो एक साधा माणूस. प्रेम जमते, मोडते, हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते, अशी तो स्वतःची समजूत घालू पाहतो. कोणाला शिव्याशाप नाहीत. दोष स्वतःकडेच घेतो. पुढे ध्रुवपदात तो म्हणतो ते मला फार मोलाचे वाटते. एकमेकांवर प्रेम करणे ही आपोआप होणारी गोष्ट नाही, ती शिकावी लागते, विश्वास कमवावा लागतो, आणि हे शिकणे कष्टाचे आहे. विरहगीतात तक्रार असते, आळवणी असते. इथे प्रपंच जाणणाऱ्या माणसाचे शहाणपण आहे. लग्नाला पंचवीस-तीस वर्षे झालेल्या कुठल्याही जोडप्याने मान डोलवावी असे.

आता या गाण्याचा घाट पाहा. साच्यातले पॉवर बॅलड पायरी पायरीने वर चढते आणि शेवटी गडगडाट करते. हे गाणे शिखरावरून सुरू होते, तिथून दरीत उतरते आणि मग पुन्हा चढू लागते. आधी रंगमंचावरचा विदूषक दिसतो, मग रंग पुसलेला माणूस. मधे ब्रायन मेची गिटार येते. ही गिटार त्याने पोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडातून कोरलेली. इथे ती वेगाची कसरत करीत नाही. गायक क्षणभर थांबला असताना त्याचेच वाक्य पुढे नेल्यासारखी गाते. मेने नंतर अनेकदा सांगितले आहे की फ्रेडीच्या सर्वांत सुंदर गाण्यांत तो याची गणना करतो आणि ते नीट उतरावे म्हणून दोघे तासन्‌तास एकत्र बसले होते. शेवटी गाणे संपते ते रडत नाही. आपण उद्यासाठी जगू आणि मागे वळून पाहताना एवढे तरी म्हणू शकू की जे केले ते प्रेमापोटी केले, अशा आशयावर ते थांबते. सारे मिळून सव्वाचार मिनिटांच्या आत.

आणखी एक गोष्ट. या गाण्यात तो किंवा ती असा उल्लेख कुठेही नाही. ज्याच्यासाठी काळीज तुटले ते माणूस कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. काहींना ही साधी योगायोगाची गोष्ट वाटेल. मला मात्र त्या भिंतीत ठेवलेली ती एक खिडकी वाटते. जे मुलाखतीत सांगता येत नव्हते ते त्याने असे सांगितले की कोणालाही, कुठल्याही घरात, ते आपलेच वाटावे.

मग असे गाणे मागे का पडले? ब्रिटनमध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेले, म्हणजे अगदीच दुर्लक्षित राहिले असे नाही. पण त्याच संग्रहातले ‘रेडिओ गा गा’ दुसऱ्या आणि ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ तिसऱ्या क्रमांकावर पोचले होते. त्यांच्या सावलीत हे तिसरे भावंड झाकोळले. अमेरिकेत ‘ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत चौघांनी गंमत म्हणून बायकांचे कपडे घातलेले तिथल्या प्रेक्षकांच्या पचनी पडले नव्हते. तिथे हे गाणे पहिल्या पन्नासांतही आले नाही. दुसरे कारण त्याच्या स्वतःच्या चित्रफितीचे. म्युनिकमध्ये ऑपेराचा थाट उभा करून ती चित्रित केली गेली. फ्रेडीने अंगभर डोळे चितारलेला लालभडक पोशाख चढवला. त्याला कोलंबीची उपमा देऊन हसणारे हसले. सहकारी राजेरजवाड्यांच्या कपड्यांत अवघडून उभे होते आणि ही चित्रफीत त्यांना कधी आवडली नाही. त्याआधी एका मद्यगृहात फ्रेडीच्या पायाला दुखापत झाली होती. चित्रफितीत तो पायऱ्यांवर बसताना जरा जपून पाहिले तर त्याचा दुखरा पाय ओळखू येतो. लोकांनी विदूषकाचा पोशाख पाहिला. विदूषक काय गातो आहे ते ऐकायचे राहून गेले. कानिओच्या नशिबी जे आले तेच या गाण्याच्याही आले म्हणायचे.

पण मला खरे कारण वेगळेच वाटते. क्वीनची जी गाणी टिकली ती हजारोंनी एकत्र म्हणायची गाणी आहेत. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’सुद्धा दक्षिण अमेरिकेतल्या मैदानांवर श्रोतेच म्हणत आणि फ्रेडी थांबून ऐके. ‘इट्स अ हार्ड लाइफ’ घोळक्याने म्हणता येत नाही. त्याचा पल्ला मोठा, वळणे अवघड, आणि भावना अशी की ती चारचौघांत मोठ्याने म्हणताना संकोच वाटावा. १९८४-८५च्या दौऱ्यात क्वीनने ते गायले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानावर ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम झाला. इथियोपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीच्या त्या सोहळ्यात फ्रेडीने वीस-एक मिनिटांत सारे मैदान खिशात घातले. पण त्या वीस मिनिटांत या गाण्याला जागा नव्हती. गंमत अशी की त्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर जे छोटेसे गाणे होते, जगातल्या भुकेल्या मुलांविषयीचे, ते त्याच रात्री फ्रेडी आणि ब्रायन यांनी दोघांनीच पुन्हा येऊन गायले. पुढची बाजू घरी राहिली, मागची जगाने ऐकली.

त्याच सुमारास फ्रेडीने म्युनिक सोडले आणि तो लंडनला परतला. जिम हटन नावाचा एक आयरिश न्हावी त्याच्या आयुष्यात आला. साधा, कष्टाळू, प्रसिद्धीचे आकर्षण नसलेला. गार्डन लॉजमध्ये दोघे राहू लागले. मांजरे, बाग, तळ्यातले मासे. गाण्यात ज्या शिकण्याविषयी तो बोलला होता ते शिकणे बहुधा इथे घडले. पण उसंत फार मिळाली नाही. १९८७मध्ये त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळात या रोगावर प्रभावी औषध नव्हते आणि रोगापेक्षा त्याची बदनामी अधिक जाळी. जिमने साथ सोडली नाही.

फ्रेडीने काम वाढवले. ऑपेराचे वेड आता पुरते उफाळून आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लंडनमध्ये पावारोत्तीला ऐकायला गेला होता आणि परतला तो मोन्सेरात काबाये या स्पॅनिश गायिकेच्या आवाजाने भारावून. तिच्याबरोबर गाण्याचे स्वप्न ‘बार्सिलोना’ या संग्रहाने १९८८मध्ये पुरे झाले. रॉकवाल्याने ऑपेराशी चालवलेली थट्टा अशी कोणी तिची संभावना केलीही असेल. पण चार वर्षांपूर्वी कानिओची चाल उचलणारा माणूस थट्टा करीत नव्हता, हे आमच्यासारख्यांना आधीच ठाऊक होते. १९९१च्या फेब्रुवारीत ‘इन्युएन्डो’ आला. शरीर झिजत चालले होते, आवाज मात्र कसा कोण जाणे तसाच लख्ख होता.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्या आजाराचे निवेदन प्रसिद्ध केले. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, गार्डन लॉजमध्ये तो गेला. वय अवघे पंचेचाळीस. अंत्यविधी लंडनमध्ये पारशी दस्तुरांच्या मंत्रोच्चारात झाला. जन्मभर ज्या परंपरेविषयी तो गप्प राहिला तिनेच त्याला निरोप दिला. आईवडील तिथे होते. या रोगाला आटोक्यात ठेवणारी औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली ती १९९६मध्ये. जेमतेम पाच वर्षांचा फरक. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्याच्या नावाने एड्सविरुद्ध काम करणारा विश्वस्त निधी उभा राहिला.

आज फ्रेडीचे कौतुक कमी नाही. स्वित्झर्लंडमध्ये सरोवराकाठी त्याचा पुतळा आहे, फेल्टमच्या त्या लहान घरावर निळी फलकपट्टी लागली आहे, २०१८मध्ये त्याच्यावरचा चित्रपट जगभर चालला. पाचगणीला जाणारे पर्यटकही आता त्याच्या शाळेची कमान शोधतात आणि तो आपला म्हणून आनंदतात. आनंद व्हावाच. पण एखाद्याला आपला म्हणायचे तर त्याच्या विजयाबरोबर त्याचे दुःखही आपले म्हणावे लागते, आणि ते दुःख कोणासाठी होते याची चौकशी न करता. आपल्या घराघरांतही अशी माणसे असतात. सणासमारंभात सगळ्यांना हसवणारी, आणि ज्यांच्या मनाला काय लागले आहे हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. त्यांच्याविषयी बोलायला हे गाणे एक निमित्त होऊ शकते.

तेव्हा एवढेच सुचवतो. एखाद्या रविवारी दुपारी, घर निवांत असताना, हे गाणे मिळवून ऐका. चित्रफीत पाहू नका. तो लाल पोशाख नंतर कधीतरी. इंग्रजी शब्द समजले नाहीत तरी बिघडत नाही. पहिला उंच स्वर ओसरू द्या आणि पियानोची वाट पाहा. तो सुरू झाला की त्याच्यामागे बसलेला माणूस तुम्हाला ऐकू येईल.